पारशिवनीची सपाट रेघ

ती रेघ मीच काढली होती, हे आधी सांगून टाकते. मी नंतर तिच्याविरुद्ध भांडले म्हणून माझं कौतुक करणारे लोक अधूनमधून भेटतात, आणि मला अवघडल्यासारखं होतं. तीन महिने ती रेघ माझ्याच कम्प्युटरवर होती. रोज डोळ्यांसमोर असून मला तिच्यात काहीही खुपलं नव्हतं.

मी ऊर्जा-नियोजनाचं काम करते. एखाद्या शहराला आणि त्याच्या शेजारच्या गावांना आज किती वीज, डिझेल, गॅस, लाकूड लागतं ते मोजायचं. पुढच्या वीस वर्षांत किती लागेल याचा अंदाज बांधायचा. आणि ते सगळं कमीत कमी धुरात कसं भागेल ते मांडायचं. या आकड्यांच्या मांडणीला आम्ही मॉडेल म्हणतो. नागपूर आणि आसपासची शहरं मिळून एकच सामायिक योजना करायची असं ठरलं, त्यासाठी एक समिती नेमली गेली, आणि मॉडेलचं काम आमच्या छोट्याशा कंपनीकडे आलं. कंपनीत आम्ही सात जण. वर आमचे सर. हुशार माणूस, कामात चोख, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एवढं मोठं काम हाती आल्यामुळे जरा घाबरलेला.

तीन महिन्यांनी पूर्ण आलेख तयार झाला तेव्हा सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत होते. नागपूरची धुराची रेघ आधी वर चढत होती आणि मग सौर वीज, विजेच्या बसगाड्या वगैरे येत गेल्यावर खाली उतरत होती. कामठीचीही तशीच. रामटेक आणि पारशिवनीच्या रेघा मात्र पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत तळाला चिकटून सरळ गेलेल्या. पारशिवनीची तर इतकी सपाट, की ती आलेखाची खालची कडच वाटावी.

"सुंदर," सर म्हणाले. "ही लहान गावं आपली सरासरी खाली आणतात. एकूण कपात छान दिसते."

मलाही ते सुंदर वाटलं. हिशेब सरळ होता. मागच्या काही वर्षांत तिथल्या मीटरवर जेवढी वीज नोंदली गेली, त्यावरून पुढची मागणी काढायची. ती आजवर थोडी होती, म्हणून पुढेही थोडीच राहणार.

त्याच आठवड्यात एका शनिवारी मी बाबांच्या दुकानात गेले. बाबा इतवारीत मोटर वाइंडिंग करतात, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देतात. भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत, हातगाडी आणि माणूस एकाच वेळी जाऊ शकत नाहीत अशा जागी त्यांचं दुकान आहे. आत जळलेल्या वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, आणि मध्ये एका लाकडी पाटावर बसलेले बाबा. वय सत्तरीच्या पुढे गेलं तरी चष्मा न लावता मोटरच्या खाचांत तार बसवतात. आई गेल्यापासून घरी आम्ही दोघंच. शनिवारी मी त्यांचा डबा घेऊन जाते.

"काय वं, आज हापिस नाही?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी उत्तर देणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. एक बाई उतरली, आणि तिच्यामागून हमालानं पोत्यात गुंडाळलेली मोटर आणून दुकानाच्या पायरीवर ठेवली. बाई पंचावन्नच्या आसपासची, उंच, हाडापेरानं मजबूत. केसांच्या मुळाशी पिठाचा पांढुरका थर होता, तो धुऊनही जात नसावा.

"भाऊ, पुन्हा जळली," ती म्हणाली.

बाबांनी पोतं बाजूला केलं, मोटरला नाक लावलं आणि म्हणाले, "जळली नाही वं बाई. व्होल्टेजनं मारली तिले."

मला ते ऐकून माहीत होतं, तरी त्या दिवशी मी नीट ऐकलं. व्होल्टेज कमी आलं की मोटरला तेवढंच वजन ओढायला जास्त करंट लागतो. कॉइल तापते, तारेवरचं वार्निश वितळतं, आणि एक दिवस धूर निघतो. बाबांनी झाकण उघडलं तर आतली सगळी कॉइल काळीठिक्कर पडली होती.

ती बाई पारशिवनीजवळच्या एका गावात चक्की चालवायची. नवरा गेल्यावर तिनं ती बंद पडू दिली नाही, उलट वाढवली. गहू-ज्वारी दळायची चक्की, धान भरडायचं हलर आणि उन्हाळ्यात मिरची कांडप. मी बोलण्याच्या ओघात म्हणाले, "पण मावशी, तुमच्या भागात तशी विजेची मागणी कमीच आहे ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणत्या तरी परक्या भाषेत बोलले.

"मागणी कमी? कोण म्हणते वं हे?"

"आकडे आहेत तसे. मीटरवरचे."

"मीटर कशाले बोलन बाप्पा! लाईनच नाही तं मीटर फिरन कसं? सकाळी आली तं दोन घंटे. मंग डिम. दिवा लागते, पण चक्की नाही फिरत. बाया डोक्यावर गहू घेऊन बसून राहतात वट्ट्यावर. तुमी कधी त्याईचे डोके मोजले का?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, त्यावर गावाचं नाव, मोटरची ताकद आणि "कमी व्होल्टेज" एवढं लिहिलं आणि तो तारेनं मोटरला बांधला. काम झाल्यावर असे पुठ्ठे ते फेकत नाहीत. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या तारांमध्ये ओवून ठेवतात. लहानपणी मला त्या माळा वाटायच्या. त्या दिवशी मावशी गेल्यावर मी एक तार काढली आणि वाचत बसले. पारशिवनी, पारशिवनी, रामटेक, मौदा, पारशिवनी. बहुतेकांवर तेच दोन शब्द.

"बाबा, हे किती वर्षांचं आहे?"

"मले काय माहीत. तू शाळेत होती तवापासूनचं असन."

मोटर तयार झाली त्या दिवशी मी सुटी टाकली आणि मावशीबरोबर त्याच टेम्पोतून तिच्या गावी गेले.

मला खरं तर एवढंच बघायचं होतं की ती वाढवून सांगतेय का. माझ्यासारख्या लोकांना ती सवय असते. लोक सांगतात त्यापेक्षा मीटर सांगतो ते खरं धरायचं. चक्कीसमोरच्या ओट्यावर आठ-दहा बाया बसलेल्या होत्या. कुणाकडे डबा, कुणाकडे पिशवी. मावशीनं मोटर बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं. मोटर गुरगुरली, दगड अर्धा फेरा फिरला आणि थांबला. मी बाबांचं विजेचा दाब मोजायचं मीटर सोबत नेलं होतं. लावून पाहिलं. काटा जिथे असायला हवा त्याच्या बराच खाली होता.

"पाह्यलं?" मावशी म्हणाली, आणि चक्कीच्या मागे गेली.

मागच्या छपरीत डिझेल इंजिन होतं. तिनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, पत्र्याच्या नळीतून काळा धूर भपकन बाहेर पडला आणि दोन्ही बाजूंच्या घरांवर पसरला. पट्टा आता इंजिनावर चढला. दगड फिरायला लागला. बाया उठल्या. एकीनं पदर नाकाला लावला, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

मी त्या धुराकडे बघत उभी राहिले. हे डिझेल कुठून येतं म्हणून विचारलं. हायवेवरच्या पंपावरून, कॅनमध्ये. मग मला कळलं. माझ्या मॉडेलमध्ये पंपावर विकलं गेलेलं सगळं डिझेल गाड्यांच्या नावावर टाकलेलं होतं. म्हणजे मावशीचं इंजिन माझ्या हिशेबात हायवेवरून धावणारा एखादा ट्रक होता, आणि तिचं गाव अगदी स्वच्छ. तिला वीज मिळत नव्हती म्हणून तिची मागणी नव्हती. ती डिझेल जाळत होती पण तो धूर तिचा नव्हता. आणि या दोन्हींतून आम्ही कपात काढून दाखवत होतो.

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. सरांचा नाही, कुणाचाच नाही. त्या सपाट रेघेचा.

पुढचे तीन आठवडे मी ऑफिसचं काम करून उरलेल्या वेळात मॉडेल पुन्हा मांडलं. विजेचा पुरवठा पूर्ण असता तर चक्क्या, धानाच्या गिरण्या, वेल्डिंगची दुकानं, घरांतले कूलर किती चालले असते याचा सावध अंदाज घेतला. डिझेल इंजिनं गाड्यांतून काढून गावांच्या नावावर टाकली. पारशिवनीची रेघ उठली. वर चढली. आणि त्याबरोबर एकूण कपातीचा तो सुंदर उतार बिघडला. त्याला पुन्हा खाली आणायचं तर गावांकडची लाईन मजबूत करावी लागत होती, सौर पॅनेल नागपूरच्या छपरांवरून काढून थोडी तिकडच्या उपकेंद्राजवळ न्यावी लागत होती. अशक्य काहीच नव्हतं. फक्त योजना आता शहराच्या सोयीची राहिली नव्हती.

मी ते सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"तुमचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "पण पुरावा? जी मागणी मीटरवर नाही, ती मी समितीला कशी दाखवू? एका चक्कीवरून?"

"बाबांच्या दुकानात वर्षानुवर्षांच्या जळलेल्या मोटरींचे पुठ्ठे आहेत."

"पुठ्ठे." ते म्हणाले. "मॅडम, कपातीचा आकडा जाहीर झालाय. तो आता वाढवता येईल, कमी करता येणार नाही. हे सगळं आपण पुढच्या टप्प्यात घेऊ."

"पुढचा टप्पा किती वर्षांनी?"

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. त्यांचा पुराव्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते. पुरावा मागायलाच हवा. पण सपाट रेघेचा पुरावा कुणीच मागितला नव्हता. ती खाली होती म्हणून सगळ्यांना चालत होती.

जानेवारीत समितीपुढे सादरीकरण झालं. मोठं लांबट टेबल, त्याच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला समिती. अध्यक्षबाई मधोमध. सरांनी जुनाच आलेख लावला. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. समितीत एक निवृत्त इंजिनियर होते. त्यांनी चष्मा वर सारून विचारलं, "ह्या खालच्या दोन रेघा अशा सरळ का हो? तिथे वीस वर्षांत काहीच होणार नाही का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न माझ्या भागातला होता. उत्तरही ठरलेलं होतं: तिथे मागणी मर्यादित आहे.

मी उभी राहिले. खरं तर तिथे उभं राहून बोलायची पद्धत नव्हती.

"मागणी मर्यादित नाही, सर. पुरवठा कमी आहे," मी म्हणाले. "ही रेघ मी काढली आहे आणि ती चूक आहे. आपण लोकांना वीज देत नाही आणि मग ते वीज वापरत नाहीत म्हणून त्यांची पाठ थोपटतो. याला कपात म्हणता येणार नाही."

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. सर शांत आवाजात म्हणाले, "हे मॅडमचं वैयक्तिक मत आहे. कंपनीची मांडणी आपल्यापुढे आहे." आणि पुढची स्लाइड लावली.

जिन्यात त्यांनी मला थांबवलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही मला तिथे खोटं ठरवलंत."

"मी स्वतःला खोटं ठरवलं, सर. रेघ माझी होती."

"अहवालावर तुमचं नाव आहे."

"ते काढा."

"तुम्ही दोन दिवस घरी बसून विचार करा."

"विचार झालाय," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा नेऊन दिला.

बाबांना कसं सांगायचं या काळजीत मी दुकानात गेले. ते मोटरमध्ये तार भरत होते. मी सगळं सांगितलं. नोकरी गेली, आता काय ते बघू, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी हात थांबवला नाही.

"तुझा आजा दीक्षाभूमीवरून गावाले परत आला," ते म्हणाले, "आन् आठ दिवसात सांगून देलं का मेलेलं ढोर आमी ओढणार नाही. लोकं म्हणे, हे तं तुमचंच काम व्हय, पिढ्यायचं. आजा म्हणे, कोणी ठरवलं? मंग गावानं विहीर बंद केली, कामं बंद केले. म्हून आपून नागपुरात." त्यांनी तार कापली. "हे मले माहीत होतं तरी मी तुले कधी सांगतलं नाही. तू तर न सांगताच करून बसली."

मग त्यांनी उठून भिंतीवरच्या सगळ्या तारा उतरवल्या आणि एका पिशवीत घातल्या. "घे. लागतीन तुले."

काही दिवसांनी योजनेचा मसुदा जाहीर झाला. सपाट रेघांसह. मसुद्यावर कुणाही नागरिकाला हरकत घेता येणार होती आणि जूनमध्ये जाहीर सुनावणी होती. म्हणजे माझ्याकडे एक उन्हाळा होता. पुरावा हवाय ना, तर पुरावा देऊ, असं मी ठरवलं. पुठ्ठे होते, पण त्यांवर मोटर जळली त्या दिवसाची नोंद होती. बाकीच्या दिवसांचं काय?

ती युक्ती मावशीची. तिच्या चक्कीत भिंतीवर कॅलेंडर होतं. प्रत्येक घरात असतं तसं, दुधाचे आडवे-उभे दंड मारलेलं. मी तिला वही देऊ लागले तर तिनं ढकलली.

"वही कोण शोधत बसन? हे डोळ्यासमोर लटकून राहिलं ना. यातच लिवतो."

बाबांनी एक जुना व्होल्टमीटर लाकडी फळीवर बसवून चक्कीच्या वर ठोकला. त्यावर त्यांनी लाल रंगानं एक खूण केली. काटा खुणेच्या खाली असला की मोटर चालवायची नाही. मावशी रोजच्या चौकटीत लिहायची: लाईन कधी आली, कधी गेली, काटा खुणेच्या वर होता की खाली, इंजिन किती वेळ चाललं. ओट्यावर किती बाया परत गेल्या तेही. हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतःहून सुरू केलं.

तिच्या ओळखीनं आणखी पाच ठिकाणं झाली. पारशिवनीतलं एक वेल्डिंगचं दुकान, शिलाईयंत्रं चालवणाऱ्या दोघी बहिणी, रामटेकच्या वाटेवरची धानाची गिरणी आणि आणखी दोन चक्क्या. प्रत्येक ठिकाणी बाबांनी फळी ठोकली. मी बसनं फिरायचे. मार्च-एप्रिलच्या उन्हात, तोंडाला दुपट्टा बांधून, पिशवीत पाण्याच्या बाटल्या. मिरची कांडपाचा हंगाम होता. मावशीच्या चक्कीत शिरलं की ठसक्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तिखटाबरोबर डिझेलचा धूर. बाया खोकत खोकत हसायच्या आणि मला म्हणायच्या, "आलं वं आमचं मीटर!"

सगळीकडे गोड गेलं असं नाही. वेल्डिंगवाल्यानं एक महिना नोंदी केल्या आणि मग सोडून दिल्या. म्हणाला, असं लिहून कधी लाईन आली आहे का. त्याच्याशी माझं चांगलंच वाजलं. मी म्हणाले, न लिहून तरी आली का? तरी त्यानं लिहिलं नाहीच. गिरणीच्या मालकानं काही दिवस नंतर एकदम आठवून भरले होते. शाईच्या रंगावरून ते कळत होतं. ते दिवस मी गाळले. माझ्या बाजूचे असले तरी गाळले.

सुनावणीच्या दिवशी मावशी पहिल्या बसनं आली. गादीखाली दाबून घडी बसवलेली साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅलेंडरची पानं. बाबा दुकान बंद ठेवून आले होते. कामाच्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवल्याचं मला तरी आठवत नाही.

सभागृहात शंभरेक लोक असतील. बहुतेक हरकती नागपूरच्या रस्त्यांबद्दल आणि बसगाड्यांबद्दल. माझा नंबर आला तेव्हा मी नवा आलेख दाखवला, पुठ्ठ्यांच्या तारा टेबलावर ठेवल्या आणि कॅलेंडरची पानं पसरली. तिखटाची लाल बोटं उमटलेली ती पानं. समितीतल्या एका सदस्यानं एक पान दोन बोटांत धरून उचललं.

"मॅडम, ह्याला डेटा म्हणत नाहीत. हे दुधाचं कॅलेंडर आहे."

"हो," मी म्हणाले. "दुधाचं कॅलेंडर आहे. तुमच्या मीटरनं जे नोंदवलं नाही ते त्यात आहे. तुम्हाला यंत्राची नोंद हवी असेल तर याच सहा जागी यंत्रं बसवा. वर्षभर चालवा. माझी पानं खोटी निघाली तर मी इथेच येऊन माफी मागेन. पण यंत्रं न बसवता माझी पानं खोटी म्हणायची, हे मी चालू देणार नाही."

आमचे सर, म्हणजे आता माझे नसलेले सर, कंपनीच्या बाजूनं बसले होते. त्यांनी हात वर केला आणि माझ्याऐवजी मावशीला विचारलं. "ताई, समजा वीज पूर्ण दाबानं, पूर्ण वेळ मिळाली. तुम्ही डिझेल खरंच बंद कराल?"

प्रश्न योग्य होता. सगळी मांडणी त्यावरच उभी होती.

मावशी उठली. माईक हातात धरायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती.

"साहेब, आठ घंटे त्या इंजिनापाशी बसून पाह्या. मंग इचारा. मले खोकला आहे, ओट्यावरच्या बायायले खोकला आहे. मी ते इंजिन शौकानं नाही चालवून राहिली. लाईन द्या, तुमच्यासमोर भंगारात देतो." ती बसता बसता पुन्हा उठली. "आन् एक. तुमी म्हणता आमी वीज कमी वापरतो म्हून चांगले. आमी चांगले नाही, साहेब. आमी बिनालाईनचे आहो."

कुणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षबाईंनी हात वर करून ती थांबवली. मग त्यांनी बाबांच्या तारेतला एकेक पुठ्ठा सरकवत बराच वेळ वाचला. सर खाली मान घालून काही लिहीत होते.

निकाल तिथे लागला नाही. असा कधी लागत नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं की निवडक ठिकाणी नोंदणीयंत्रं बसवली जातील आणि मसुदा सुधारला जाईल. यंत्रं बसली. सहापैकी चार ठिकाणी. वर्षभराच्या नोंदी माझ्या पानांपेक्षा थोड्या बऱ्या निघाल्या, म्हणजे परिस्थिती मी मांडली होती त्यापेक्षा किंचित कमी वाईट होती. ते मी लेखी कबूल केलं. पण रेघ उठली. सुधारित योजनेत पारशिवनी आणि रामटेकची मागणी वाढती धरली आणि त्यांच्यासाठी वेगळ्या सौर केंद्राचं एक पान आलं. मावशीच्या गावात लाईनचं काम सुरू झालं. दाब सकाळी बरा असतो, दुपारी अजून पडतो. इंजिन छपरीत आहेच, पण आता बहुतेक दिवस त्यावर पोती ठेवलेली असतात.

सरांचा एकदा फोन आला. दुसऱ्या जिल्ह्याचं काम मिळालंय, याल का, म्हणून. मी विचारलं, "लहान गावांची मागणी कशी धरणार?" ते म्हणाले, "तेच विचारायला फोन केलाय." मी नोकरीवर गेले नाही. पण त्यांना आठवडाभर बसून पद्धत समजावून दिली. त्यांनी ती वापरली असं ऐकते.

हे सगळं सरळ झालं असं मात्र कुणी समजू नये. याच वर्षी योजनेत नवी दुरुस्ती आली. तिच्यात एका ओळीत लिहिलंय की लहान शहरांची दरडोई वीजवाढ नागपूरच्या निम्म्यापर्यंतच धरावी, नाहीतर एकूण कपातीचं उद्दिष्ट गाठता येणार नाही. निम्मी का, कुणी ठरवली, काही नाही. मी ती ओळ बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मंग? काय करून राहिली तू?"

मी हरकत लिहिली. अकरा पानं. मावशीला फोन केला तर ती म्हणाली की तिला तसंही सोमवारी इतवारीत यायचंय, चक्कीचा पट्टा घ्यायला. आम्ही दोघी समितीच्या कार्यालयात गेलो आणि हरकत खिडकीवर दिली. कारकुनानं पानं मोजली, शिक्का मारला, पोच दिली. मावशीनं पोच हातात घेऊन शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं. अर्धाच उमटला होता. तिनं ती परत खिडकीत सरकवली.

"पुन्हा मारा," ती म्हणाली.

त्यानं मारला. मग आम्ही पट्टा घ्यायला गेलो.